घरचें म्हणजे फुकट नव्हे

(काष्टी, ता. श्रीगोंदा, येथें बाजाराच्या दिवशीं शेतकरी, धनगर व कारागीर कुटुंबांपुढें सूत रंगविणाऱ्या एका बाईनें दिलेलें व्याख्यान)



आज शनिवार, काष्टीच्या बाजाराचा दिवस. सकाळपासून येथें बैलांचे, म्हशींचे, शेळ्यामेंढ्यांचे सौदे चालले आहेत. दांत पाहून, पाठीवर हात दाबून, उपरण्याखालीं बोटें धरून भाव ठरत आहेत. मेंढराचें वजन किती, मटण किती निघेल, हें सगळे बोलत होते. मीं चार ठिकाणीं उभें राहून ऐकलें. लोकरीचें नांव कोणीं काढलें नाहीं. शेवटीं एका म्हाताऱ्या बाबांना मींच विचारलें. ते म्हणाले, "पोरी, लोकरीला कोण पुसतो? कातरणाराची मजुरीहि तिच्यांतून सुटत नाहीं. कोणी मागितली तर फुकट देतों, नाहींतर बांधाला टाकतों."

मला बोलायचें आहे तें या 'फुकट' शब्दाबद्दल. मी सूत रंगविणाऱ्या घरची सून आहें. बावीस वर्षें माझे हात रंगाच्या पातेल्यांत आहेत. घरचा धंदा कशानें बुडतो तें मीं जवळून पाहिलें आहे. रंग कच्चा निघाला म्हणून बुडतो, गिऱ्हाईक मिळालें नाहीं म्हणून बुडतो, असें लोक सांगतात. माझें म्हणणें वेगळें आहे. लोकर घरच्या मेंढरांची म्हणून फुकट, डाळिंबाच्या साली उकिरड्यावरच्या म्हणून फुकट, सरपण बांधावरचें म्हणून फुकट, पाणी विहिरीचें म्हणून फुकट, आणि आईचे, बायकोचे, सुनेचे हात घरचे म्हणून फुकट. असा हिशेब जेथें चालतो तेथें धंदा पहिल्याच दिवशीं बुडालेला असतो. तो बुडाल्याचें कळतें मात्र दोन वर्षांनीं.

हिशेब पुढें मांडतेंच. आधीं धंद्याची मागची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे, कारण आपलीं माणसें सगळा दोष यंत्रावर टाकून मोकळीं होतात.

आपल्या मुलखांत सूत रंगविणें हें जातीजातींत वांटलेलें काम होतें. निळीचा माठ घालणारे ते निराळी, तांबडा-पिवळा रंग देणारे ते रंगारी. विणणारे साळी, कोष्टी, पद्मसाळी. घोंगडीं विणणारे सणगर आणि खुटेकर धनगर. १८५६ सालीं विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोरानें डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेच्या मुळांत जो तांबडा असतो तोच रंग रसायनशाळेंत तयार झाला, आणि १८९७ सालीं जर्मनींतील बी. ए. एस. एफ. या कंपनीनें कृत्रिम नीळ बाजारांत आणली. पुडी स्वस्त, काम झटपट. आलाचीं मुळें खणून विकणारा शेतकरी बसला आणि माठ घालणारा निराळीहि बसला.

हें सगळें खरें आहे. पण त्या कारागिरांची विद्या जी बुडाली ती जर्मनीनें बुडविली नाहीं. ती आमच्याच घरांत बुडाली, कारण ती कोणीं लिहून ठेविली नाहीं. तुरटी किती तर 'चिमूटभर', हिरडा किती तर 'ओंजळभर', ऊन किती तर 'सावली दारांत येईपर्यंत'. ज्याची ओंजळ तो मेला कीं माप गेलें. शिवाय अनेक घरांत लेक परक्या घरीं जाणार म्हणून तिला गुपित सांगायचें नाहीं, आणि सून परक्या घरून आली म्हणून तिलाहि सांगायचें नाहीं! मग पातेलें ढवळायचें कोणी? तें मात्र तिनेंच.

कच्छांत काय झालें तें पाहा. तेथें धमडका गांवीं अजरख छापणारे खत्री पिढ्यान्‌पिढ्या नीळ आणि मंजिष्ठ वापरीत आले. ते कापड छापतात, आपण सूत रंगवितों, पण विद्या एकाच घरची. २००१ च्या भूकंपानंतर तेथील पाण्यांत लोह वाढलें आणि रंग मळकट येऊं लागले, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं भुजजवळ चांगलें पाणी पाहून अजरखपूर नांवाचें नवें गांवच वसविलें. त्यांतले इस्माईल महंमद खत्री यांना २००३ सालीं इंग्लंडांतील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठानें सन्मानाची डॉक्टरेट दिली. पाणी बिघडलें म्हणून नशिबाला बोल न लावतां गांव बदलणारीं माणसें आपल्या कामाला विद्या समजतात. आमच्याकडे अजून त्याला 'बायकांचें हातकाम' म्हणतात.

आतां लोकरीकडे येऊं. येवल्याच्या पैठणीला रेशीम बंगळूरकडून येतें आणि जर सुरतेहून. इतक्या लांबून माल आणूनहि तेथील माग चालतात. आपल्याकडे कच्चा माल दारांत चरतो आहे आणि आपण तो बांधाला टाकतों. दख्खनी मेंढराची लोकर जाड, राठ. अंगाला लागून घालायच्या स्वेटराला ती चालायची नाहीं, आणि तसें सांगून कोणाला फसवूंहि नये. पण सतरंजी, आसन, पिशवी, उशीचा अभ्रा, भिंतीवर टांगायचें विणकाम यांना तीच टिकाऊ. हल्लीं मटणासाठीं मेंढरांत दुसरें वाण मिसळूं लागल्यानें लोकर कमी होत चालली आहे, तीहि गोष्ट धनगर बांधवांनीं ध्यानांत घ्यावी. वाण एकदां गेलें कीं लोकरीला भाव आला तरी लोकर कोठून आणणार?

दख्खनी मेंढरें बहुतेक काळीं. काळ्या लोकरीवर रंग चढत नाहीं. ती आहे तशीच कातून, 'काळी' म्हणूनच विकावी, तिला तोच मान आहे. पांढरी आणि करडी लोकर रंगवायची. करड्यावर रंग दबून बसतो, आणि मला विचाराल तर तोच जास्त गोड दिसतो. म्हणून कातरतांनाच तीन पोतीं जवळ ठेवा: काळी, करडी, पांढरी. कोकराची पहिली लोकर, जिला आपण जावळ म्हणतों, ती चौथ्या पोत्यांत. पोटाखालची आणि शेणानें माखलेली बाजूला काढा. हें काम कातरणीच्या वेळीं दहा मिनिटांचें. मागून करायला बसलां तर दोन दिवसांचें. मिसळलेली लोकर ही खरोखरच फुकटाच्या लायकीची होते.

धुतांना पहिली गांठ पाण्याशीं. आपल्याकडे कालव्याच्या खालच्या जमिनींत विहिरी-बोअरचें पाणी जड असतें, साबणाला फेस येत नाहीं. अशा पाण्यांत लोकर धुतली तर चिकटा राहतो आणि रंग ठिपक्याठिपक्यांनीं बसतो. पत्र्यावरून पडणारें पावसाचें पाणी टाकींत धरून ठेवा. धुण्यासाठीं तें वापरा. गंमत अशी कीं मंजिष्ठेच्या तांबड्याला थोडें चुन्याचें जड पाणीच मानवतें, रंग भरून येतो. तेव्हां पाणी वाईट असें नसतें, कोणत्या कामाला कोणतें हें कळावें लागतें. धुवायला रिठा वापरा. धुण्याचा सोडा लोकरीला खातो. आज दिसत नाहीं, पण सहा महिन्यांनीं सूत तुटूं लागतें.

दुसरी गांठ विस्तवाशीं. लोकरीला उकळी फुटूं द्यायची नाहीं, आणि गरम पाण्यांतून एकदम थंडांत टाकायची नाहीं. तसें केलें कीं तंतू एकमेकांत गुंतून सुताचा नमदा होतो, आणि मग देवहि तो सोडवूं शकत नाहीं. पातेलें हळूहळू तापवावें, वाफ निघूं लागली कीं तासभर तसेंच ठेवावें, आणि त्याच पाण्यांत रात्रभर निवूं द्यावें. रंगाचें भांडें स्वयंपाकाला वापरूं नये. लोखंडी कढईंत पिवळा रंग कराल तर तो शेवाळी होईल. स्टीलचें पातेलें बरें.

आतां माप. कोरडें सूत आधीं तोलायचें. सगळीं मापें त्या वजनावर. शंभर ग्रॅम सुताला पंधरा ग्रॅम तुरटी. तुरटीशिवाय वनस्पतीचा रंग सुताला धरत नाहीं, पहिल्या पावसांत वाहून जातो. मग शंभर ग्रॅम सुताला पन्नास ग्रॅम वाळलेली डाळिंबाची साल घ्या, पिवळा येईल; त्यांतच शेवटीं गूळ आणि गंजलेल्या लोखंडाचें आंबविलेलें पाणी थोडें घाला, राखी-हिरवट होईल. लोखंड जास्त झालें तर लोकर ठिसूळ होते, म्हणून हात राखून. कांद्याची साल सोनेरी देते, बाभळीची साल तपकिरी, मंजिष्ठ तांबडा. सुती धाग्याला नुसती तुरटी पुरत नाहीं, आधीं हिरड्याचें पाणी द्यावें लागतें. आणि हिरडा आपल्याच जिल्ह्यांत, अकोल्याच्या डोंगरांत आदिवासी बांधव गोळा करतात. दसऱ्या-दिवाळीनंतर झेंडूचे ढीग रस्त्यावर कुजतात, ते वाळवून ठेवा. मुंबईंत सिद्धिविनायकाच्या देवळांतील निर्माल्याचीं फुलें नेऊन त्यांवर कापड रंगविणारी आदिव प्युअर नेचर नांवाची संस्था आहे. मुंबईकरांना जें सुचलें तें झेंडूचीं शेतें असलेल्या आपल्या जिल्ह्याला सुचायला हरकत नाहीं.

हळद, पळस, बीट यांच्या मागें लागूं नका. पातेल्यांत फार सुंदर दिसतात आणि उन्हांत चार दिवसांत पळतात. कोणताहि नवा रंग विकण्यापूर्वीं एक लड घ्या, तिचा अर्धा भाग पुठ्ठ्यानें झांका, आणि पंधरा दिवस उन्हांत टांगा. पुठ्ठा काढल्यावर दोन भागांत फरक दिसला तर तो रंग गिऱ्हाइकाच्या गळ्यांत मारूं नका. ओल्या पांढऱ्या फडक्यानें लड घासून पाहा. एवढी परीक्षा घरबसल्या होते.

निळीच्या माठाबद्दल थोडें जास्त बोलावें लागेल. नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. चुना आणि गूळ घालून माठ उबेंत ठेवला कीं आंतलें पाणी पिवळट-हिरवें होतें, वर तांबूस-निळी साय येते, तेव्हां माठ 'आला' असें समजावें. सूत बुडवून काढलें कीं हिरवें निघतें आणि वाऱ्यावर पाहतां पाहतां निळें होतें. लोकर चुन्यांत फार वेळ राहूं द्यायची नाहीं, चुनाहि बेताचाच घालायचा. बाहेर काढून वारा दिल्यावर, स्वच्छ पाण्यांत लिंबू पिळून त्यांत ती खंगाळावी. श्रीगोंद्याला लिंबाची कमतरता नाहीं! हाच निळा पिवळ्यावर दिला कीं पक्का हिरवा.

हा माठ कधीं कधीं 'जातो', म्हणजे रंग देईनासा होतो. आणि तो गेला कीं कांहीं घरांत पहिला प्रश्न काय विचारतात? "विटाळशी कोण गेली होती तिकडे?" बायांनो, हंसूं नका, तुम्हांला ठाऊक आहे. माठ जातो तो थंडीनें जातो, फार ढवळून वारा आंत शिरल्यानें जातो, चुना किंवा गूळ संपल्यानें जातो. भोंवतीं कडबा लावून ऊब द्या, मूठभर गूळ घाला, चुन्याची निवळी घाला, दुसऱ्या दिवशीं माठ परत येतो. मीं सर्व दिवसांत माठाला हात लावला आहे. माठाला त्याचा पत्ता नाहीं. महिन्यांतले चार दिवस घरांतली निम्मीं माणसें कामावरून काढायचीं, आणि वर म्हणायचें कीं धंद्याला माणूसबळ पुरत नाहीं!

आतां हिशेब. आकडे समजुतीसाठीं घेतले आहेत. तुम्ही आपल्या घरचे घाला. मजुरीचा दर मात्र मीं मनचा घेत नाहीं. २०२५-२६ सालीं रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत दिवसाला ३१२ रुपये असा सरकारी दर होता. माती उचलणाराला जो दर, त्याहून कमी दर रंग ओळखणारीला लावायचा नाहीं, एवढीच माझी अट.

समजा, पांच किलो सूत रंगवायचें, म्हणजे शंभर ग्रॅमच्या पन्नास लडी. धुतांना-पिंजतांना घट येते, म्हणून आठ किलो कच्ची लोकर धरूं, किलोला वीस रुपये: १६० रुपये. घरच्या मेंढरांची असली तरी हे १६० धनगराच्या नांवानें वहींत मांडायचेच. पिंजणावळ ४००. तुरटी १००. साली गोळा करून आणणें, वाळविणें २००. सरपण ५००, पाणी १००. चिठ्ठ्या, पोतीं, मोटारभाडें ५००. झाले १,९६० रुपये. आतां हात. एका बाईनें दिवसाला अर्धा किलो जाडें सूत कातलें तर दहा दिवस. धुणें, तुरटी देणें, रंगविणें, वाळविणें, लडी घालणें याला दोन बाया चार दिवस, म्हणजे आठ दिवस. एकूण अठरा दिवस, ३१२ प्रमाणें ५,६१६ रुपये. सगळें मिळून ७,५७६. पन्नास लडींतल्या पांच डागी निघतील, त्या धरायच्या नाहींत. ७,५७६ ला ४५ नीं भागा. एक लड घरांतच १६८ रुपयांना पडली.

व्यापारी येतो आणि म्हणतो, "शंभर देतों, सगळ्या घेतों." घरचा कारभारी खूष होतो. पंचेचाळीस लडींचे साडेचार हजार आले, खर्च १,९६० झाला, उरले २,५४०, नफाच नफा! पण हे २,५४० अठरा दिवसांवर वांटले तर दिवसाला १४१ रुपये पडतात. रोजगार हमीच्या निम्म्याहूनहि कमी. उरलेले पैसे कोणीं दिले? ते घरांतल्या बायांनीं दिले. व्यापाऱ्याला प्रत्येक लडीमागें ६८ रुपये त्यांनीं आपल्या पाठीच्या कण्यांतून काढून दिले. आणि याच बाया लोकरीऐवजीं दुसऱ्याच्या शेतांत खुरपायला गेल्या असत्या तर संध्याकाळीं रोख पैसे घेऊन आल्या असत्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्या किमतीला घेणार कोण? खेड्यांत कोणी घेणार नाहीं, हें मी कबूल करतें. पुण्या-मुंबईंत हातविणकाम करणाऱ्या, सतरंज्या-आसनें विणणाऱ्या लोकांना असलें सूत पाहिजे असतें. त्यांना स्वस्त माल नको, सारखा माल पाहिजे. आणि येथेंच वहीची गरज लागते. वनस्पतीचा रंग एका खेपेसारखा दुसऱ्या खेपेंत हुबेहूब येत नाहीं. विणणाऱ्याला शेवटच्या विताला दोन लडी कमी पडल्या आणि तुम्हीं दुसऱ्या खेपेच्या पाठविल्या, तर सतरंजीवर पट्टा उठतो, आणि तें गिऱ्हाईक पुन्हां तुमच्या दारांत येत नाहीं. म्हणून प्रत्येक खेपेला आंकडा द्या. वहींत तारीख, सुताचें कोरडें वजन, लोकर कोणत्या कळपाची, पाणी कोठलें, तुरटी किती, साल किती, किती वेळ विस्तवावर, हें लिहा, आणि बाजूला चार बोटें सूत दोऱ्यानें बांधून ठेवा. चौथी शिकलेली मुलगी हें लिहूं शकते. आमच्या घरांत वही धाकट्या जावेकडे आहे. ती आजारी पडली तर काम अडतें, पण विद्या अडत नाहीं.

या वहीचा एकदां असा उपयोग झाला. शहरांतल्या एका दुकानदारानें चाळीस लडी उधारीवर नेल्या. आठ महिने पैसे नाहींत. मग एके दिवशीं अर्ध्याअधिक लडी परत आल्या, "तुमचा रंग उडतो" असा निरोप घेऊन. सासरे म्हणाले, जाऊं द्या, आपलें नशीब. जावेनें वही काढली. लडींवरच्या चिठ्ठीचा आंकडा आणि वहींतला आंकडा एक. त्याच खेपेची आम्हीं पेटींत राखलेली लड काढली, ती ताजी. परत आलेल्या लडींची फक्त वरची बाजू फिकी, घडीच्या आंतली तशीच भरलेली. म्हणजे माल आठ महिने दुकानाच्या कांचेंत उन्हाला बसला होता. दोन्ही लडी घेऊन आम्ही दोघी जावा त्याच्या पेढीवर गेलों. निम्मे पैसे मिळाले. सगळे मिळाले नाहींत, कारण उधारीच्या कागदावर सही नव्हती. आतां सहीशिवाय एक लडहि घराबाहेर जात नाहीं, आणि उधारी एक महिन्यापलीकडे नाहीं.

पुडीच्या रंगाबद्दल नेहमीं विचारतात. मी कांहीं पुडीची दुष्मन नाहीं. लोकरीचे चांगल्या कंपनीचे रंग पक्के असतात आणि स्वस्त पडतात. ज्याला ते वापरायचे त्यानें वापरावे, पण चिठ्ठीवर 'वनस्पतीचा रंग' असें लिहूं नये. बाजारांत बिननांवाची सुटी पुडी मिळते ती मात्र घरांत आणूं नका. कर्करोग करणाऱ्या कित्येक अ‍ॅझो रंगांवर भारत सरकारनें १९९० नंतरच्या दशकांत बंदी घातली. सुट्या पुडींत काय आहे तें विकणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. तसेंच, वनस्पतीचा रंग म्हणजे सगळें निर्मळ असेंहि नाहीं. रंग पक्का व्हावा म्हणून कोणी मोरचूद घालतो, कोणी क्रोमचे नारिंगी खडे घालतो. तें विष आहे. तुरटीचें उरलेलें पाणी लांब जिरविलें तर चालतें; क्रोमचें पाणी ज्या विहिरींत उतरेल ती विहीर नासली. पंचगंगेकांठच्या लोकांना रंगाचें पाणी नदींत सोडल्याचे परिणाम विचारा.

भांडवलाचें काय? १७ सप्टेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें विश्वकर्मा योजना सुरू केली. कारागिरांना पांच टक्के व्याजानें पहिल्यांदा एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. अठरा धंदे त्यांत घेतले: सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शिंपी सगळे आले. तेव्हां ठरलेल्या त्या अठरांत सूत रंगविणारा नव्हता, कापड विणणाराहि नव्हता. परटानें धुवायचें आणि शिंप्यानें शिवायचें तें कापड आभाळांतून पडतें काय? ही गोष्ट ग्रामसभेंत ठराव करून वर कळविण्यासारखी आहे. तोंपर्यंत बचत गट हा रस्ता आहे; गटाच्या नांवानें बँक कर्ज देते. पण खरें सांगायचें तर सुरुवातीला कर्जाची गरजच नाहीं. दोन पातेलीं, एक तराजू, एक वही, पांच किलो लोकर. पहिलें वर्षभर एकच रंग करा. डाळिंबाची सालच घ्या, ती आपल्याकडे आहे. एक रंग वर्षभर सारखा काढतां येऊं लागला कीं मग दुसरा.

शेवटचें काम तेवढें सांगतें, तें आजच घरीं गेल्यावर करायचें आहे. वहीच्या पहिल्या पानावर घरांतल्या प्रत्येक बाईचें नांव लिहा आणि त्याखालीं तिच्या दिवसांचा रकाना आंखा. कातलें त्या दिवशीं एक रेघ, रंगविलें त्या दिवशीं एक रेघ. माल विकला कीं मालाच्या खर्चानंतर आधीं या रेघांचे पैसे काढायचे, ते तिच्या स्वतःच्या बँकेच्या खात्यांत भरायचे, आणि मग जें उरेल त्याला नफा म्हणायचें. ज्या सासऱ्यांना हें पटत नसेल त्यांनीं एक महिना स्वतः लोकर कातून पाहावी. चरखा मी देतें.